खेळ रंगला, पण इंग्रजी कुठे बोलले गेले?

एका शिक्षिकेचे पत्र: मी सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहा वर्षांपासून इंग्रजी शिकवते. नववीच्या तुकडीत ५८ मुले-मुली आहेत आणि तास ३५ मिनिटांचा असतो. इंग्रजीची भीती जावी म्हणून या वर्षी मी गट पाडून प्रश्नमंजूषा, शब्दांच्या भेंड्या, भिंतीवर गुणफलक, ताऱ्यांचे स्टिकर असे बरेच काही करून पाहिले. पहिले दोन आठवडे वर्ग उत्साहात होता. आता मात्र तीच चार मुले उत्तरे देतात, बाकीची टाळ्या वाजवतात नाहीतर गुणांवरून मराठीत भांडतात. मुली तर तोंडच उघडत नाहीत. शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार आली आणि परवा मुख्याध्यापकांनी विचारले, “मॅडम, पोर्शन कधी संपणार?” खेळांचा नाद सोडून पुन्हा भाषांतर पद्धतीकडे वळावे का?

उत्तर:

सस्नेह नमस्कार.

खेळ सोडू नका. परंतु सध्या जे खेळ चालू आहेत ते मात्र खुशाल बंद करा. असे का म्हणतो, हे समजण्यासाठी तुमच्या प्रश्नमंजूषेकडे जरा बारकाईने पाहू. तुम्ही एखाद्या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द विचारता, गटातला एक हुशार मुलगा उठून तो शब्द सांगतो, गुण मिळतो, टाळ्या पडतात आणि पुढचा प्रश्न येतो. या सबंध व्यवहारात इंग्रजीचा वाटा एका शब्दाचा, आणि तोही ज्याला तो शब्द आधीच येत होता त्याच्या तोंडचा. उरलेली सगळी गंमत, उत्कंठा आणि भांडणे मराठीत पार पडतात. यात मुलांची काही चूक नाही. जिंकण्यासाठी ज्याची गरजच नाही ते कष्ट मुले कशाला घेतील? म्हणून खेळ निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारत आलो आहे: तोंडातून एकही इंग्रजी वाक्य न काढता हा खेळ जिंकता येतो का? येत असेल तर तो खेळ चांगला असेलही, पण तो स्नेहसंमेलनासाठी राखून ठेवावा.

दुसरी गोष्ट साध्या हिशेबाची आहे. ३५ मिनिटांचे २१०० सेकंद होतात आणि ते ५८ जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३६ सेकंद येतात. तेही तुम्ही हजेरी घेतली नाही, फळा पुसला नाही आणि स्वतः अवाक्षर काढले नाही तर. तेव्हा मोठ्या वर्गात दोनच प्रकारचे खेळ तग धरतात. एक तर ज्यात सगळे एकाच वेळी जोडीजोडीने बोलतात, आणि दुसरा ज्यात बोलणारा एक असला तरी ऐकणाऱ्या ५७ जणांना कान देऊन ऐकण्याचे काही कारण असते. तुमच्या भेंड्यांमध्ये आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचे ऐकण्याचे कारणच नव्हते.

आपल्याकडे या विचाराची चांगली परंपरा आहे. इंग्रजी भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही साध्यासुध्या शाळांमध्ये, तुमच्या-माझ्यासारख्याच गर्दीच्या वर्गांत, एक प्रयोग केला. तो बंगलोर प्रकल्प या नावाने भाषाशिक्षणाच्या जगात ओळखला जातो. व्याकरणाचा नियम आधी सांगून मग सराव घेण्याऐवजी त्यांनी मुलांपुढे वेळापत्रक, नकाशा, अंतरांचे कोष्टक अशा गोष्टी ठेवल्या आणि त्यांतून सोडवायचे प्रश्न दिले. प्रश्न सोडवण्याच्या ओढीत भाषा आपोआप कामाला लागावी, ही त्यामागची धारणा होती. एकाजवळ माहिती आहे आणि दुसऱ्याजवळ नाही, किंवा माहिती आहे पण तिच्यावरून निष्कर्ष काढायचा आहे, अशी एखादी फट कामात असल्याशिवाय मुलाला बोलण्याची निकड वाटत नाही. गंमत म्हणजे प्रभूंना गटकाम फारसे पसंत नव्हते, कारण मुले एकमेकांचे सदोष इंग्रजी ऐकून तेच पक्के करतील असे त्यांना वाटे. या एका मुद्द्यावर माझा अनुभव वेगळा आहे. सदोष का होईना, पण वर्षभर एकही वाक्य न बोललेली मुलगी शेजारणीशी बोलते, ही मला त्याहून मोठी कमाई वाटते. मात्र जोड्या पाडण्यापूर्वी तोच खेळ एकदा तुम्ही सगळ्यांसमोर दोन मुलांबरोबर खेळून दाखवावा, ही प्रभूंची रीत जरूर उचला. ती गाळली की निम्मा तास “मॅडम, काय करायचं?” यातच जातो.

सांगोल्याच्या एसटी स्टँडवरून सुरुवात करा. पंढरपूर, मंगळवेढा, जत, सोलापूर, मिरज अशा गावांच्या गाड्यांचे एक वेळापत्रक मनाने तयार करून त्याच्या दोन प्रती काढा. एका प्रतीत काही वेळा गाळा आणि दुसऱ्या प्रतीत नेमक्या उरलेल्या. बाकावरच्या दोघींच्या मध्ये पाठ्यपुस्तक उभे करून भिंत घाला. आता एकीने विचारल्याखेरीज दुसरीचे कोष्टक पुरे होणार नाही: “व्हॉट टाइम डझ द पंढरपूर बस लीव्ह?” कोष्टक भरून झाले की खरा प्रश्न द्या. मावशीकडे मंगळवेढ्याला साडेबाराचे लग्न आहे, आजीला सोबत घ्यायचे आहे, आजीला उभ्याने प्रवास जमत नाही आणि संध्याकाळी सहाच्या आत घरी परतायचे आहे, तर कोणत्या गाडीने जावे? एखादी जोडी “व्हेन द बस गोज?” असे विचारेल आणि पलीकडची ते समजूनही घेईल. तेव्हा मध्ये पडू नका. वहीत टिपून ठेवा. त्या टिपणाचा उपयोग पुढे सांगतो.

आता नववीच्या वर्गात मला सर्वांत जास्त फळलेला खेळ जरा सविस्तर सांगतो. राजा-राणी-चोर-शिपाई आपल्या मुलांच्या अंगवळणी पडलेला असतो; त्याचीच ही मोठी बहीण समजा, आणि इंग्रजीच्या शिक्षकांमध्ये हा खेळ बराच जुना आहे. काल संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान शाळेच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक चोरीला गेला, असे तुम्ही इंग्रजीतून जाहीर करता. दोन मुलांवर संशय आहे. त्या वेळी आम्ही दोघे एकत्रच होतो, असा त्यांचा दावा असतो. त्यांना पाच मिनिटे व्हरांड्यात पाठवा, म्हणजे कुठे होतो, काय खाल्ले, कोण भेटले हे ते ठरवतील. तेवढ्या वेळात वर्गातली प्रत्येक रांग तीन प्रश्न लिहून काढते. हे ठरवणे आणि कुजबुजणे मराठीत झाले तरी चालेल. प्रश्न आणि जबाब मात्र इंग्रजीतच. मग एकेकाला स्वतंत्रपणे आत बोलवा. पहिला आत असताना दुसरा ऐकू येणार नाही इतका लांब हवा, नाहीतर खिडकीशी कान लावून उभा राहतो.

प्रश्न कोणी विचारायचा, हे हात वर करून ठरवू नका. हजेरी क्रमांकाच्या ५८ चिठ्ठ्या एका डब्यात ठेवा आणि चिठ्ठी निघेल त्याने विचारायचे. शेवटच्या बाकावरची मुलगी घाबरली तरी तिच्या रांगेने लिहिलेला प्रश्न तिच्या हातात असतो. तो वाचून दाखवला तरी पुरे. “व्हॉट डिड यू ईट?” “वडापाव.” “हू पेड?” “आय पेड.” पाच मिनिटांनी दुसरा येतो आणि पैसे आपण दिल्याचे सांगतो, तेव्हा वर्गात जी आरोळी उठते तिला शेजारच्या वर्गाची क्षमा मागूनच दाद द्यावी लागते. पण त्या आरोळीचा अर्थ पाहा: ५६ मुलांनी पहिला जबाब शब्दन्‌शब्द ध्यानात ठेवला होता. श्रवणाचा असा सराव ध्वनिफीत लावून होत नाही.

याच खेळात इंग्रजी भूतकाळाची एक जुनी दुखरी जागा उघडी पडते. मराठीत “तू गेलास” या वाक्याला शेवटी “का” जोडला की प्रश्न तयार होतो आणि क्रियापदाला धक्काही लागत नाही. इंग्रजीत मात्र “डिड” पुढे येऊन बसतो आणि क्रियापदाचे भूतकाळी रूप काढून घेतो, म्हणून आपली मुले हमखास “डिड यू वेन्ट?” म्हणतात. मी वर्गात सांगत असे की खरा चोर बाहेर व्हरांड्यात नाही, तो हा “डिड” आहे. तो वाक्यात शिरला की क्रियापदाच्या अंगावरचा भूतकाळ चोरतो. हे मुलांच्या डोक्यात राहते. मग एखादे चौकस मूल विचारते की “हू पेड” मध्ये तो चोर का नाही. हा प्रश्न मुलाकडून आला, की कर्त्याबद्दलच विचारायचे असेल तेव्हा “डिड” लागत नाही, हा नियम दोन मिनिटांत समजतो. तोच नियम तुम्ही आपणहून शिकवायला घेतला तर अख्खा तास जातो.

आता त्या टिपणवहीचे सांगतो. खेळ चालू असताना चुका दुरुस्त करू नयेत, पण त्या वाऱ्यावरही सोडू नयेत. तुमच्या तालुक्यातल्या मुलांना डाळिंबाचे सौदे सांगायला नकोत. वरच्या थरात लालभडक फळ आणि खाली डागी माल, हा प्रकार त्यांनी वडिलांबरोबर पाहिलेला असतो. आठवड्याभरात टिपलेल्या वाक्यांतून चार चुकीची आणि सहा बरोबर वाक्ये, कोणाचेही नाव न घेता, फळ्यावर लिहा आणि त्यांचा लिलाव पुकारा. प्रत्येक रांगेकडे लुटुपुटीचे ५००० रुपये. चांगले वाक्य घेतले तर फायदा, डागी घेतले तर पैसे बुडाले. मात्र ते दुरुस्त करून दाखवले तर निम्मे परत. बोली इंग्रजीतच लावायची, त्यामुळे “फिफ्टीन” आणि “फिफ्टी” यांतला फरक एकदा हजार-दोन हजारांना ठेच लागली की कायमचा कळतो. आणखी एक लाभ तुमच्या विशेष उपयोगाचा आहे. आपला अंदाज शेजारच्या रांगेला कळू नये म्हणून मुले अक्षरशः कानात बोलतात. ओरडू नका असे सांगून वर्ग शांत होत नाही. गुपित हाती दिले की आवाज आपोआप खाली येतो. गोंगाटाच्या तक्रारीवर माझ्याकडे याहून चांगला उपाय नाही.

चौथा खेळ संगणकावरून उचललेला आहे, पण त्याला संगणक लागत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत विल क्राउदर यांनी गुहेत भटकण्याचा एक खेळ लिहिला होता. त्यात चित्रे नव्हती. पडद्यावर वर्णन यायचे आणि खेळणाऱ्याने “टेक लॅम्प” अशा दोन शब्दांच्या आज्ञा टंकायच्या. वर्गात संगणक तुम्ही व्हा. “यू आर इन अ डार्क रूम. देअर इज अ टेबल. देअर इज अ बॉक्स अंडर द टेबल.” मुलांनी आज्ञा द्यायच्या आणि तुम्ही यंत्राच्या निर्विकारपणे त्या शब्दशः पाळायच्या. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे “अ” आणि “द” यांची मुलांना मुळात गरजच भासत नाही. यंत्र मात्र “ओपन अ बॉक्स” म्हटल्यावर भलतीच, गोळ्यांची रिकामी पेटी उघडते आणि सगळा वर्ग हळहळतो. एकदा वाड्याच्या भुयारात साप निघाला, तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलाने घाईने आज्ञा दिली, “थ्रो द स्टोन टू द स्नेक.” मी थंडपणे जाहीर केले की सापाने दगड अलगद झेलला असून तो आपले आभार मानत आहे. “टू” आणि “ॲट” यांतला भेद त्या वर्गाला मी पुन्हा कधी शिकवला नाही. हा खेळ शेवटच्या दहा मिनिटांत बसतो, गोष्ट अर्धवट राहिली तर उद्या पुढे चालवता येते आणि भुयारात पुढे काय आहे हे कळावे म्हणून मुले तासाची वाट पाहतात. अट एवढीच की तुमचे स्वतःचे वर्णन सोपे आणि निर्दोष हवे. ते आदल्या रात्री लिहून ठेवा.

शब्दांच्या भेंड्या, नाव-गाव-फळ-फूल, फळ्यावर रिकाम्या रेघा मारून शब्द ओळखणे यांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. स्पेलिंगसाठी ते ठीक आहेत, ऑफ तासाला चालतील. मोबाईलवरच्या प्रश्नमंजूषाही त्याच पंगतीतल्या. रंग आणि आवाज अधिक, वाक्य तेवढेच कमी.

गुणफलकाविषयी मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण तुमच्या वर्गातला उत्साह दोन आठवड्यांत का ओसरला याचे उत्तर बहुतेक त्या भिंतीवर आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या बालवाडीतल्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांच्यापैकी काहींना चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगितले गेले. पुढे बक्षीस नसताना मोकळ्या वेळी त्या पेनांकडे याच मुलांचा ओढा इतरांपेक्षा कमी झालेला दिसला. तारे आणि स्टिकर यांचेही पुष्कळदा असेच होते. मूल ताऱ्यासाठी खेळू लागते आणि तारा मिळणार नाही हे ज्याला कळून चुकते ते खेळणेच सोडते.

याचा धडा मला मुलांकडून शिकावा लागला. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी वर्गाच्या भिंतीवर भलीमोठी सापशिडी लावली होती. प्रत्येकाच्या नावाची पुठ्ठ्याची सोंगटी; उत्तर बरोबर आले की पुढे, चुकले की मागे. पाहुणे आले की मी मोठ्या अभिमानाने ती दाखवत असे. दोन महिन्यांनी एका मुलाची सोंगटी भिंतीवरून नाहीशी झाली. ती त्याच्याच खिशात निघाली. मी रागावणार इतक्यात तो म्हणाला, “सर, माझं नाव खेळातनं काढा.” त्याची सोंगटी दोन महिने सातव्या घरात होती आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ते वाचत होता. त्याच दिवशी मी तो तक्ता उतरवला.

गुण ठेवायचेच असतील तर वर्गाचे मिळून ठेवा आणि सामना तुमच्याशी लावा. संशयितांच्या जबाबांतले पाच विरोध दहा मिनिटांत सापडले तर वर्ग जिंकला, नाहीतर मॅडम जिंकल्या. हुशार मुलाला मग शेजाऱ्याला गप्प करून चालत नाही. चिठ्ठी कोणाचीही निघू शकते, म्हणून त्याला शेजाऱ्याला तयार करावे लागते. मुलींच्या न बोलण्याचाही विचार इथेच करा. सगळ्यांसमोर उभे राहून इंग्रजी बोलायचे आणि चुकले तर हशा व्हायचा, हे संकट नववीतल्या मुलीला परीक्षेपेक्षा मोठे असते. पहिले तीन आठवडे फक्त जोडीचे खेळ घ्या, तेही मैत्रिणी-मैत्रिणींच्या जोडीत. उभे राहण्याचा प्रसंग चौथ्या आठवड्यात येऊ द्या.

मुख्याध्यापकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला शिक्षणशास्त्राच्या भाषेत उत्तर देऊ नका. गुणांच्या भाषेत द्या. दहावीच्या भाषाविषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि त्या २० गुणांसाठी मुलांना बोलावे आणि ऐकावे लागते. चोर-शिपायाच्या खेळातले जबाब वहीत लिहून घेतले की संवादलेखनाचा घटक झाला. एसटीचे कोष्टक भरून घेतले की माहितीचे रूपांतर करण्याचा प्रश्न झाला. लिलाव म्हणजे तर सरळसरळ व्याकरणाची उजळणी आहे. मात्र यासाठी एक पथ्य पाळावे लागेल: खेळ हा पाठाच्या वर जास्तीचा नको, तो पाठाखालच्या एखाद्या स्वाध्यायाच्या जागी हवा. आठवड्यातून एक खेळ, २० ते २५ मिनिटांचा, आणि त्या आठवड्यात तो स्वाध्याय वेगळा घ्यायचा नाही. एवढ्याने पोर्शन मागे पडत नाही. मुख्याध्यापकांना एखाद्या दिवशी फौजदार म्हणून जबाब घ्यायलाही बोलवा. माझ्या पाहण्यातले दोन मुख्याध्यापक त्यानंतर विरोध विसरले. एकाने तर आरोपीला इतके दरडावून विचारले की पोरगे मराठीत कबुलीजबाब देऊन मोकळे झाले.

भाषांतर पद्धतीला मी तुच्छ लेखत नाही. कठीण उताऱ्याचा अर्थ मराठीत सांगून टाकला तर पाच मिनिटे वाचतात आणि ती खेळाला देता येतात. नववी-दहावीच्या मुलांच्या हातात मराठी हे चांगले धारदार अवजार आहे. त्यांना ते वापरू द्या, फक्त खेळाची ती वीस मिनिटे सोडून.

येत्या आठवड्यात एसटीचे वेळापत्रक घ्या आणि साध्या भूतकाळाचा पाठ येईल तेव्हा चोरी घडवून आणा. पहिल्या खेपेस निम्म्या जोड्या मराठीत बोलतील, भिंत म्हणून उभे केलेले पुस्तक दोनदा पडेल आणि कोणीतरी वरून डोकावून वेळा उतरवून घेईल. तेवढ्यावरून खेळ मोडीत काढू नका, तिसऱ्या खेपेपर्यंत धीर धरा. आणि हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या मात्र स्वतःच कापा. मुलांकडे ते काम दिले तर डब्यात ५८ च्या जागी ५५ चिठ्ठ्या भरतात आणि गायब झालेले तीन क्रमांक कोणाचे, हे शोधायला वेगळा शिपाई नेमावा लागतो.